चाक थांबवणारे बेअरिंग

[बेअरिंग म्हटले, की आपल्याला फिरणारे चाक आठवते. पण चाक थांबवण्याच्या कामातही बेअरिंग लागते. ट्रक व बस यांच्या डिस्क ब्रेकमधील बेअरिंग कसे असते, ते तसेच का बनवतात आणि त्याच्यावर प्रवाशांची सुरक्षितता कशी अवलंबून असते, हे या पाठात सांगितले आहे.]

परळीहून बीडकडे जाताना सिरसाळा हे गाव लागते. दसरा झाला, की या भागातील रस्त्यांवरची वाहतूक एकाएकी वाढते. ऊसतोडणीसाठी निघालेली कुटुंबे ट्रकमध्ये व ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दूरच्या साखर कारखान्यांकडे जातात. भांडीकुंडी, धान्याची पोती, लहान मुले, म्हातारी माणसे, सारे एकाच गाडीत असतात. पुढे कारखाने सुरू झाले, की उसाने गच्च भरलेल्या गाड्या रात्रंदिवस धावू लागतात. त्यांच्या मधूनच एस.टी. जाते, शाळेतून घरी परतणारी मुले जातात आणि मधूनच एखादी शेळीही रस्ता ओलांडते.

अशा वेळी गाडी किती जोरात धावते, याला फारसे महत्त्व नसते. ती वेळेवर थांबते की नाही, हेच महत्त्वाचे असते.

गाडी थांबणे म्हणजे नेमके काय? १६ टन वजनाचा एक ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे, असे समजा. त्याच्या अंगी मोठी गतिज ऊर्जा असते. ट्रक थांबवताना ही ऊर्जा नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. ही सारी उष्णता एका पातेल्यात गोळा करता आली, तर तिच्यावर सुमारे साडेसहा लिटर थंड पाणी उकळू लागेल. ब्रेकला हे काम अवघ्या काही सेकंदांत करावे लागते. वेग निम्मा, म्हणजे ताशी ३० किलोमीटर असता, तर उष्णता निम्मी नव्हे, तर फक्त पाव झाली असती. वेग दुप्पट झाला, की ब्रेकचे काम चौपट होते. गाव आले, की गाडी हळू चालवा, असे का सांगतात, ते यावरून कळेल.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ट्रकांना व बसना ड्रम ब्रेक असतात. चाकाबरोबर एक पोकळ डबा फिरतो. त्याला ड्रम म्हणतात. ब्रेक दाबला, की आतील दोन अर्धगोल पट्टे बाहेर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. घर्षणामुळे चाक थांबते. ही रचना मजबूत व स्वस्त आहे. पण तिच्यात एक अडचण आहे. घाटात उतरताना सारखा ब्रेक लावावा लागला, तर ड्रम तापतो. तापला, की तो फुगतो आणि पट्ट्यांपासून दूर सरकतो. आतील उष्णता लवकर बाहेरही पडत नाही. मग पायाखालचा ब्रेक दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही.

डिस्क ब्रेकमध्ये डब्याऐवजी एक जाड लोखंडी तबकडी असते. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना दोन ब्रेक पॅड असतात. ब्रेक दाबला, की हे पॅड तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरतात. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाजवळ अशी पातळ तबकडी तुम्ही पाहिली असेल. ट्रकची तबकडी मात्र सुमारे ४३ सेंटिमीटर व्यासाची आणि साडेचार सेंटिमीटर जाडीची असते. तिच्या पोटात हवा खेळण्यासाठी पोकळ जागा ठेवलेली असते. ती उघडी असल्यामुळे लवकर निवते. तापून फुगली, तरी ती पॅडपासून दूर जात नाही, उलट पॅडच्या जवळच येते.

ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार मोटारीने जिंकली. त्यानंतर मोटारींमध्ये हे ब्रेक पसरत गेले. अवजड ट्रकांकडे ते यायला मात्र बराच काळ लागला. १९९६ साली मर्सिडीज-बेंझ कंपनीने आपल्या ॲक्ट्रॉस नावाच्या ट्रकला सर्व चाकांवर डिस्क ब्रेक दिले आणि मग ही पद्धत रुळली. एवढा उशीर का लागला? त्याचे एक मोठे कारण म्हणजे जोर. ड्रम ब्रेकमध्ये फिरणारा ड्रम पट्ट्याला स्वतःकडे ओढून घेतो व ब्रेकला मदत करतो. तबकडी अशी मदत करीत नाही. तिला फार मोठ्या जोराने दाबावे लागते. तो जोर आणायचा कोठून?

मोटारीत हा जोर तेलाच्या दाबातून मिळतो. ट्रक व बसमध्ये तो दाबलेल्या हवेतून मिळतो. बस थांब्यावर थांबली, की ‘फुस्स’ असा आवाज येतो. तो ब्रेकमधून सुटणाऱ्या हवेचा असतो. प्रत्येक चाकाजवळ एक गोल डबा असतो. त्याला ब्रेक चेंबर म्हणतात. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. चालकाने ब्रेक दाबला, की हवा आत शिरते, पडदा पुढे ढकलला जातो आणि त्याला टेकलेला दांडा पुढे सरकतो.

आता थोडे गणित करू. रबरी पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १५५ चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे तो एखाद्या छोट्या ताटलीएवढा असतो. हवेचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ६ किलोग्रॅम धरला, तर दांड्यावर सुमारे ९३० किलोग्रॅमचा जोर येतो. हा जोर थोडा नाही, पण भरलेला ट्रक थांबवायला तो पुरत नाही. म्हणून तो वाढवावा लागतो आणि त्यासाठी तरफ वापरतात.

शेतातला मोठा दगड हलवायचा असला, की शेतकरी पहार घेतो. पहारीखाली एक लहान दगड टेकू म्हणून ठेवतो आणि पहारीचे लांब टोक खाली दाबतो. डिस्क ब्रेकच्या आत नेमकी अशीच एक पोलादी तरफ असते. तिचे लांब टोक दांड्याकडे आणि आखूड टोक पॅडच्या बाजूला असते. ती जोर सुमारे १५ पट वाढवते. म्हणजे ९३० किलोग्रॅमचे जवळजवळ १४ टन होतात!

पहारीखालच्या लहान दगडाकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण विचार करा, मोठ्या दगडाचा सारा भार त्याच्यावरच येतो. टेकू फुटला, तर पहार कितीही मजबूत असून उपयोग नाही. ब्रेकच्या तरफेलाही असाच टेकू लागतो. जवळजवळ १४ टनांचा भार त्याला सोसावा लागतो. आणि हा भार सोसत असताना तरफेला त्याच्यावर सहज हलूही द्यावे लागते. हे अवघड काम ज्याच्यावर सोपवलेले असते, तेच ब्रेकचे बेअरिंग.

बेअरिंगचे मूळ तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. बैलगाडीचे चाक फिरताना त्याचा तुंबा आसावर घासतो. म्हणून गाडीवान आसाला वंगण घालतो. वंगण संपले, की चाक करकरू लागते आणि बैलांना जास्त ओढावे लागते. ऊस वाहणाऱ्या टायरगाडीत मात्र आसावर बेअरिंग असतात. त्यामुळे बैलांचे ओढण्याचे श्रम पुष्कळ कमी होतात. सायकलच्या चाकातील पोलादी छर्रे तुम्ही पाहिले असतील. छर्रे किंवा रूळ मध्ये घातले, की दोन वस्तू एकमेकींवर घासत नाहीत, तर गडगडत जातात. घासण्यापेक्षा गडगडणे सोपे असते.

घरी एक प्रयोग करून पाहा. टेबलावर जाड पुस्तक ठेवा आणि ते बोटाने ढकला. मग त्याच्याखाली चार-पाच गोल पेन्सिली आडव्या ठेवा आणि पुन्हा ढकला. किती फरक पडतो, ते लगेच कळेल. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट नीट पाहा. पुस्तक दहा सेंटिमीटर पुढे गेले, की पेन्सिली पाचच सेंटिमीटर पुढे जातात. पेन्सिली नेहमी पुस्तकाच्या निम्म्या मागे राहतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

बेअरिंगचा इतिहास मोठा आहे. १७९४ साली वेल्समधील फिलिप व्हॉन याने घोडागाडीच्या आसासाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. १८८३ साली जर्मनीच्या फ्रीडरिश फिशर याने पोलादी छर्रे सारख्या मापाचे व अगदी गोल घासणारे यंत्र तयार केले. १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेन याने निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट मिळवले. ट्रकच्या चाकात आजही त्याच जातीचे बेअरिंग असते. आपल्या राज्यात पुण्याजवळ चिंचवड येथे १९६० च्या दशकापासून बेअरिंग तयार होत आहेत.

मग चाकातलेच बेअरिंग ब्रेकमध्ये का बसवत नाहीत? कारण दोघांचे काम वेगळे आहे. चाकातील बेअरिंग दिवसभर गरगर फिरते. ब्रेकमधील बेअरिंग मात्र कधीच पूर्ण फेरी मारत नाही. ब्रेक दाबला, की तरफ फेरीच्या थोड्याशा भागापुरती पुढे झुकते. ब्रेक सोडला, की परत मागे येते. दारासारखे ते फक्त थोडे उघडते आणि मिटते. शिवाय त्याच्यावरचा भार एकाच दिशेने येतो. कारण तरफ एकाच बाजूला रेटली जाते.

अभियंत्यांनी याचा फायदा घेतला. भार एकाच बाजूने येतो, तर बेअरिंग पूर्ण गोल कशाला हवे? म्हणून ते अर्धेच करतात. बांगडीचा अर्धा तुकडा किंवा छपराची पन्हाळ डोळ्यांसमोर आणा. त्या आकाराची पोलादी पट्टी घरात बसवलेली असते. तिच्यावर बारीक रुळांची एक रांग असते आणि रुळांवर तरफेची गोलाकार पाठ टेकलेली असते. अर्ध्या बेअरिंगला जागा कमी लागते. ट्रकच्या चाकाच्या आत तबकडी, पॅड, तरफ आणि बाकीचे सारे भाग बसवायचे असतात. तेथे एकेक मिलिमीटर मोलाचा असतो.

येथे छर्रे का वापरत नाहीत, असा प्रश्न तुम्हाला पडेल. छर्रा खालच्या पृष्ठभागाला एका ठिपक्याएवढ्या जागी टेकतो. एवढा मोठा भार एका ठिपक्यावर आला, तर तेथे खड्डा पडेल. रूळ लांब असतो. तो एका रेषेवर टेकतो, म्हणून भार वाटला जातो. त्यातही एक-दोन जाड रुळांऐवजी पुष्कळ बारीक रूळ घेतले, तर भार जास्त जणांत वाटला जातो आणि उंचीही वाढत नाही. असे रूळ सुईसारखे लांब व बारीक दिसतात. म्हणून त्यांच्या बेअरिंगला सुई बेअरिंग म्हणतात. एकट्याने न उचलणारे ओझे दहा जण मिळून उचलतात, तसेच हे आहे.

रुळांच्या टोकांकडेही लक्ष द्यावे लागते. एवढ्या भाराखाली तरफ किंचित वाकते. मग रुळाचे टोक पोलादात रुतू शकते. ते टाळण्यासाठी रूळ टोकांजवळ अगदी थोडा बारीक करतात. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण त्यामुळे बेअरिंगचे आयुष्य वाढते. रुळांसाठी वापरायचे पोलादही खास असते. त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते. ते तापवून व एकदम निववून अतिशय कठीण बनवतात.

रूळ एकमेकांना घासू नयेत आणि तिरके होऊ नयेत, म्हणून ते एका जाळीत बसवतात. आता पेन्सिलींचा प्रयोग आठवा. तरफ जेवढी झुकते, त्याच्या निम्मी ही जाळी सरकते आणि ब्रेक सुटला, की परत येते. पण ब्रेक काही एकदाच लावला जात नाही. तो लाखो वेळा लावला व सोडला जातो. दर वेळी जाळी केसभर जरी घसरली, तरी काही महिन्यांत ती आपल्या जागेवरून बरीच सरकेल. मग काही रूळ पट्टीच्या बाहेर जातील आणि सारा भार उरलेल्या रुळांवर पडेल. म्हणून काही रचनांमध्ये जाळीला तरफेशी अशा रीतीने जोडतात, की ती नेहमी आपल्या ठरलेल्या जागीच परत यावी.

थोडेसेच हलणाऱ्या बेअरिंगचे आणखी एक दुखणे असते. पूर्ण फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये रूळ ग्रीस आपल्याबरोबर सगळीकडे पसरवतात. येथे रूळ त्याच त्या जागी पुढे-मागे होतात. त्यामुळे ग्रीस बाजूला ढकलले जाते आणि पोलादावर पोलाद टेकते. शिवाय रात्री गाडी उभी केली, की मागच्या चाकांचा ब्रेक एका दणकट स्प्रिंगच्या जोराने लावलेला राहतो. रात्रभर रूळ एकाच जागी भार सोसत असतात. गाडी चालू असताना खड्ड्यांचे हादरेही तेथपर्यंत पोहोचतात. यामुळे पट्टीवर रुळांच्या आकाराचे बारीक चर पडू शकतात. म्हणून या बेअरिंगसाठी उष्णतेत न वितळणारे व जागा न सोडणारे ग्रीस निवडतात. ते कारखान्यातच भरतात आणि आत पाणी व धूळ जाऊ नये म्हणून रबरी टोप्या बसवतात.

घर्षण थोडे वाढले, तर एवढे काय बिघडते? दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे ब्रेक कमी लागतो. समजा, सर्व चाकांच्या बेअरिंगमधील घर्षणाने ब्रेकचा एक दशांश जोर खाल्ला. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी जी गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे २८ मीटरांत थांबत होती, ती आता सुमारे ३१ मीटरांत थांबेल. फरक फक्त तीन मीटरांचा. पण रस्ता ओलांडणारे मूल त्या तीन मीटरांत असेल तर? आणि घर्षण एकाच चाकाच्या बेअरिंगमध्ये वाढले, तर दोन बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत व गाडी एका बाजूला ओढली जाते.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ब्रेक लागतो, पण नीट सुटत नाही. ब्रेक लावताना हवेचा मोठा जोर तरफेला ढकलतो. ती परत आणायला मात्र एक साधी स्प्रिंग असते. बेअरिंग अडखळले, तर स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो. पॅड तबकडीला किंचित घासत राहतात. चालकाला ते कळत नाही. डिझेल जास्त लागते, पॅड लवकर झिजतात, तबकडी तापते आणि तिला तडे जाऊ शकतात. फार तापल्यास टायर पेट घेण्याचाही धोका असतो. ब्रेक लागणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो सुटणेही महत्त्वाचे आहे.

बेअरिंग घट्ट बसलेले असणेही आवश्यक आहे. तरफ जोर १५ पट वाढवते, पण त्याची किंमत वसूल करते. दांडा ३० मिलिमीटर सरकतो, तेव्हा पॅड फक्त दोन मिलिमीटर पुढे जातात. बेअरिंग झिजून अर्ध्या मिलिमीटरची ढील पडली, तर ती भरून काढण्यातच दांड्याची साडेसात मिलिमीटर चाल वाया जाते. पॅड व तबकडी यांच्यामधील सारी फटच मुळी एक मिलिमीटरच्या आसपास असते.

या तरफेशिवाय डिस्क ब्रेकमध्ये आणखी एका ठिकाणी सरकण्याची सोय असते. तरफ आणि तिचे बेअरिंग तबकडीच्या आतल्या बाजूला असतात. मग बाहेरचा पॅड कोण दाबतो? तरफ आणि पॅड ज्या चिमट्यात बसवलेले असतात, त्याला कॅलिपर म्हणतात. आतला पॅड तबकडीला टेकला, की सारा कॅलिपर उलट दिशेने सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून तबकडीला लावतो. यासाठी तो दोन खिळांवर सरकता ठेवलेला असतो. खिळांभोवती धातूच्या नळ्या असतात. त्यांना मिस्त्री बूश म्हणतात. हेही बेअरिंगच, फक्त त्यात रूळ नसतात.

या दोन खिळांची रचनाही विचारपूर्वक केलेली असते. एका खिळाचा बूश नेमक्या मापाचा असतो. तो कॅलिपरला सरळ रेषेत ठेवतो. दुसऱ्या खिळाभोवती थोडी जागा मोकळी असते. दोन्ही खीळ घट्ट बसवले असते, तर तापून फुगल्यावर कॅलिपर मध्येच अडकला असता. घट्टपणा आणि मोकळीक, दोन्ही योग्य ठिकाणी असावी लागतात.

या खिळांवरील रबरी टोपी फाटली, की धूळ, चिखल आणि पावसाचे पाणी आत शिरते. बूश गंजतो आणि कॅलिपर सरकेनासा होतो. मग आतला पॅड झपाट्याने झिजतो, बाहेरचा मात्र तसाच राहतो. जाणता मिस्त्री दोन्ही पॅड शेजारी ठेवून पाहतो. दोन्हींची जाडी सारखी नसली, की खीळ अडकले आहेत, असा त्याला संशय येतो. मग तो कॅलिपर हाताने पुढे-मागे हलवून पाहतो. अशा वेळी नुसते नवे पॅड बसवणे म्हणजे आजार सोडून तापावर औषध देण्यासारखे आहे. खीळ, बूश व टोप्या बदलल्याशिवाय तो दोष जात नाही.

गावात किंवा परळीच्या एस.टी. आगारात दुरुस्तीचे काम चाललेले दिसले, तर दूर उभे राहून जरूर पाहा. तेथील कारीगर फाटक्या टोपीकडे किंवा ग्रीसच्या रंगाकडे किती बारकाईने पाहतात, ते दिसेल. ग्रीस पांढुरके झाले असेल, तर पाणी शिरले आहे, हे ते ओळखतात. ही विद्या पुस्तकाइतकीच हाताने शिकावी लागते. मात्र त्यामागचे विज्ञान ठाऊक असेल, तर हाताचे काम अधिक डोळस होते. कोणी सांगावे, तुमच्यापैकीच कोणी उद्या असा कुशल मिस्त्री किंवा नवे बेअरिंग घडवणारा अभियंता होईल.

उसाच्या ट्रकमधील कुटुंबाला किंवा एस.टी.तल्या प्रवाशांना हे बेअरिंग कधी दिसत नाही. ते चाकाच्या आत, धुळीत आणि उष्णतेत आपले काम करीत असते. बोटभर लांबीचे ते रूळ नीट गडगडत आहेत, म्हणूनच वळणावर अचानक समोर आलेल्या मुलापासून गाडी चार हात दूर थांबते.

शब्दार्थ

तबकडी – गोल व चपटी चकती
आस – ज्याच्यावर चाक फिरते तो दांडा
तुंबा – बैलगाडीच्या चाकाचा मधला लाकडी भाग
वंगण – घर्षण कमी करण्यासाठी लावायचे तेल किंवा ग्रीस
तरफ – जोर वाढवण्यासाठी टेकूवर ठेवलेला दांडा
टेकू – आधार
पन्हाळ – छपराचे पाणी वाहून नेणारी अर्धगोल नळी
चर – लांबट खाच
ढील – सैलपणा
डोळस – समजून-उमजून केलेले

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डिस्क ब्रेकचे पेटंट कोणी व कधी घेतले?
(आ) ट्रकच्या ब्रेकला जोर कशापासून मिळतो?
(इ) सुई बेअरिंग हे नाव कशामुळे पडले?

२. कारणे लिहा.
(अ) ब्रेकमधील बेअरिंग अर्धगोल असले तरी चालते.
(आ) छर्ऱ्यांऐवजी रूळ वापरतात.
(इ) कॅलिपरचे दोन्ही खीळ घट्ट बसवत नाहीत.

३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ब्रेक नीट सुटला नाही, तर कोणते तोटे होतात?
(आ) पहार आणि ब्रेकची तरफ यांत कोणते साम्य आहे?

४. पाठात हवा, वजन, जोर, फरक, कारखाना, कारीगर, दुरुस्ती हे शब्द आले आहेत. ते उर्दूतही वापरतात. यांपैकी कोणतेही चार शब्द घेऊन मराठीत वाक्ये तयार करा.

५. उपक्रम : गोल पेन्सिली व पुस्तक घेऊन पाठातील प्रयोग करा. पुस्तक आणि पेन्सिली किती अंतर सरकल्या, ते पट्टीने मोजून वहीत लिहा.